आजोळच्या वाड्यासाठी कॅमेरा: बडोद्यातलं एक प्रकरण

माझ्या आजोळचा वाडा मांडवीकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत होता. २०२४च्या श्रावणात त्याचं बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं आणि नव्या मालकानं सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात पाडकाम लागेल. त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. "मला चांगला कॅमेरा घ्यायचाय. किती मेगापिक्सेलचा घेऊ?"

मी रावपुऱ्यात कॅमेरे दुरुस्त करतो, २६ वर्षं झाली. हा प्रश्न माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतो. पण दुरुस्तीवाल्याकडे कॅमेरा येतो तो बिघडल्यावर, नाहीतर घेऊन पस्तावल्यावर. खरेदीच्या आधीपासून पुढचे आठ महिने एखाद्या माणसाबरोबर राहून सगळं पाहायला मिळणं माझ्याही वाट्याला पहिल्यांदाच आलं, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवतोय.

मावशी ६३ वर्षांची. मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली, दांडिया बाजारात राहते, रोज तीन-चार किलोमीटर चालते. पुण्याहून मुलीनं ७५ हजार रुपये पाठवले होते. हेतू अगदी स्पष्ट होता: वाडा पडायच्या आत तो नीट टिपायचा, ओट्यापासून माडीपर्यंत. जमलं तर त्याच गल्लीतली आणखी तेरा जुनी घरं टिपायची, कारण ती किती वर्षं उभी राहतील याची कुणालाच खात्री नव्हती. तोवर तिनं आयुष्यात फोनशिवाय कशानंही फोटो काढलेला नव्हता.

दुकानात काय झालं

माझ्याकडे येण्याआधी ती एका मोठ्या दुकानात जाऊन आली होती. तिथल्या मुलानं "मासी, मासी" करत दीड तास माल दाखवला, चहा पाजला. दोन गोष्टी पुढे केल्या. पहिली, ६० पट झूमचा, लेन्स न निघणारा कॅमेरा. दुसरी, डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, दोन लेन्सचा संच: १८-५५ आणि ७०-३०० (आकडे मिलिमीटरचे; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, पण चौकटीत कमी मावतं), वर बॅग फुकट. दीड तासात त्यानं एकदाही विचारलं नाही की मासी, तुम्ही फोटो कशाचे काढणार? याचं मला मनापासून वाईट वाटलं. माल खोटा नव्हता, भावही वाजवी होता. पण विचारायचा तोच प्रश्न राहून गेला होता.

६० पट झूम हवा असेल तर आतला सेन्सर, म्हणजे उजेड गोळा करणारा भाग, लहान ठेवावाच लागतो, नाहीतर लेन्स हातभर लांब होईल. अशा कॅमेऱ्यात बहुधा ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. लेन्स बदलता येणाऱ्या, नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो एपीएस-सी मापाचा असतो, साधारण २३.५ गुणिले १५.७. क्षेत्रफळ काढलं तर तेरा पट. माजघरात सकाळी अकरा वाजताही दिवा लावावा लागतो, तिथे या तेरा पटीला मोल आहे. बरोबर याच्या उलट, कमाटीबागेत झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी टिपायचा असता, नाहीतर हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जायचं असतं, तर तोच ६० पट झूम मी स्वतः सुचवला असता.

दुसऱ्या संचातली ७०-३०० ही लेन्स तर पंधरा फुटांच्या गल्लीत काय करणार? एपीएस-सी सेन्सरवर ७० मिमीला समोरच्या घराचं एक दार आणि शेजारची अर्धी भिंत एवढंच दिसतं. मागे सरकायला जागा नाही, पाठीला दुसऱ्याचा ओटा लागतो.

वही

मी मावशीला म्हटलं, "दिवाळी होऊ दे. तोवर फोननंच काढ. आणि जो फोटो मनासारखा येणार नाही, त्याच्यापुढे कारण लिही."

तिला हे पटलं नाही. वाडा पडायला निघालाय आणि हा दिवाळीपर्यंत थांब म्हणतो! पण भूगोलाची बाई, वही आखायची म्हटल्यावर थोडी नरम झाली. तारीख, जागा, किती फुटांवरून, उजेड कुठून, जमला की नाही, का नाही, असे सहा रकाने पाडले. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे साधारण चाळीस दिवस, वही चालली. एकूण १८६ नोंदी झाल्या.

त्यातल्या १२१ फोटोंपुढे "चांगला" लिहिलं होतं. दिवसाउजेडी काढलेली घरांची तोंडं, दारं, उंबरे, ओट्यावर बसलेली माणसं, तुळशीवृंदावन. तिचा फोन तीन वर्षांचा, मध्यम किमतीचा, तरीही जवळजवळ दोन-तृतीयांश काम त्यानं व्यवस्थित केलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा फोनच टाकाऊ वाटायला लागतो. तो टाकाऊ नसतो.

उरलेल्या ६५ मध्ये ३८ घराच्या आतले होते, माजघर, देवघर आणि जिन्याचे. १७ उंचावरच्या कोरीवकामाचे, म्हणजे तुळईखालचे टेकू, छज्जाच्या पट्ट्या, खिडकीच्या चौकटीवरचे पोपट. १० गरब्याचे, नातीचे, सगळे हललेले.

वही हातात आल्यावर आमच्या बोलण्यातून मेगापिक्सेल हा शब्दच गेला. आता आमच्यापुढे ३८, १७ आणि १० असे तीन आकडे होते. गरब्याच्या दहाबद्दल तिनं स्वतःच सांगितलं, "ते राहू दे, नातीचे फोटो पन्नास जण काढतात."

घरातल्या ३८ फोटोंसाठी लगेच कॅमेऱ्याकडे धाव घेणंही मला योग्य वाटेना. आधी माझा ट्रायपॉड आणि फोन धरायची पकड घेऊन आम्ही बारा जागा परत टिपल्या. हलल्यामुळे बिघडलेले फोटो एकदम सुधारले. इतके, की मावशी म्हणाली, "मग कॅमेरा कशाला?"

मी तिला माजघरातल्या मधल्या खांबाचा फोटो मोठा करून दाखवला. सागवानी खांब, कंबरेच्या उंचीवर चार पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. हाताखाली लाकडाचे पट्टे अजून लागतात, मध्ये एक उभी चीर आहे, तिच्यात जुन्या रंगाचा हिरवा कण अडकलेला. फोटोत पट्टे नव्हते. इस्त्री फिरवल्यासारखं सपाट तपकिरी लाकूड होतं. फोन अंधारात पाच-सात फोटो भराभर काढून एकत्र करतो आणि उजेड कमी पडल्यानं उमटलेले दाणे पुसून टाकतो. ते पुसताना दाण्याएवढीच बारीक असलेली लाकडाची रेघही पुसली जाते. शिवाय मागची खिडकी पांढरी फट्ट, पलीकडच्या घराचा मागमूस नाही.

मावशीनं तो फोटो खूप वेळ पाहिला. मग वहीत "का नाही" या रकान्यात लिहिलं: "खांब आपला वाटत नाही."

कॅमेरा कशासाठी हवा, याचं याहून नेमकं उत्तर मला २६ वर्षांत कुणी दिलेलं नाही.

अटी कशा ठरल्या

वहीतून चार अटी निघाल्या. सेन्सर मोठा हवा आणि फोटो रॉ फाइलमध्ये साठवता यायला हवा. रॉ म्हणजे सेन्सरनं टिपलेला कच्चा माल. जेपीजी हा शिजवलेला पदार्थ असतो. त्यात कॅमेऱ्यानं आपल्या मनानं मीठ-मसाला घातलेला असतो आणि काही टाकूनही दिलेलं असतं. खांबाच्या सावलीतला तपशील आणि खिडकीबाहेरचा उजेड दोन्ही राखायचे तर कच्चा माल हाताशी पाहिजे.

दुसरी अट उंचावरच्या १७ फोटोंची. बारा फुटांवरून दीड फुटाचा टेकू काढला तर तिच्या फोनच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या टेकूच्या रुंदीला साडेतीनशेच्या आसपास ठिपके मिळतात. ७५ मिमीसारख्या दिसणाऱ्या लांब लेन्सनं, २१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर काढला तर चौदाशेच्या वर. फोनवर बोटांनी ताणून मोठं करण्यात आणि खरी लांब लेन्स लावण्यात इतका फरक पडतो.

तिसरी अट मी घातली: फोनला जे जमतं ते कॅमेऱ्याला जमलंच पाहिजे. इथे नवशिका हमखास फसतो. गल्ली पंधरा फूट, वाड्याचं तोंड बावीस फूट. लेन्सवर लिहिलेला आकडा सेन्सरच्या मापाप्रमाणे गुणून घ्यावा लागतो. निकॉन आणि सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांना १.५ नं, कॅननच्या १.६ नं. कॅनन आर५० बरोबर येणारी १८-४५ लेन्स रुंद टोकाला २९ मिमीसारखी दिसते; पंधरा फुटांवरून तिच्यात पावणेएकोणीस फूट रुंदी मावते. निकॉनची किंवा सोनीची १६-५० लेन्स रुंद टोकाला २४ आणि लांब टोकाला ७५ मिमीसारखी दिसते. रुंद टोकाला तिच्यात साडेबावीस फूट मावते. म्हणजे एका लेन्सनं वाडा बसतो, दुसरीनं दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट कापला जातो. आर५० उत्तम कॅमेरा आहे, जेमतेम ३७५ ग्रॅमचा, आणि त्याच्यासाठी वेगळी १०-१८ लेन्सही मिळते. पण ती वेगळी घ्यायची, म्हणजे पैसेही वेगळे. मोजपट्टी घेऊन गल्लीत गेलो नसतो तर हे लक्षातही आलं नसतं.

चौथी अट मावशीच्या डोळ्यांची. बडोद्याच्या मे महिन्याच्या उन्हात मागच्या पडद्यावर काहीही दिसत नाही, काळ्या काचेत आपलाच चेहरा. म्हणून डोळा लावून पाहायची खिडकी, व्ह्यूफाइंडर, हवीच. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० या निकषावर गेले. ते मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी बनवलेले आहेत आणि त्यांना व्ह्यूफाइंडर नाही.

डीएसएलआर की मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, हा प्रश्न उरला, आणि यावर मी बरेच दिवस घालवले. माझा जीव डीएसएलआरवर आहे. आरसा वर उचलला जातो तो आवाज ऐकूनच मला त्याची तब्येत कळते. जुना डीएसएलआर निम्म्या पैशात मिळतो आणि उभ्या वाड्याचे फोटो तो अजिबात वाईट काढत नाही. पैशाची ओढ असलेल्या माणसाला मी आजही तोच घ्या म्हणेन. मावशीसाठी मात्र मिररलेस ठरवला, कारण शिकणं. डीएसएलआरच्या खिडकीतून जग आहे तसं दिसतं. फोटो काळा येणार की पांढरा, हे बटण दाबल्यावर कळतं. मिररलेसच्या खिडकीत सेन्सरला जे दिसतंय तेच दिसतं. चाक फिरवलं की चित्र डोळ्यादेखत उजळतं, मंदावतं. ६३ व्या वर्षी, सहा महिन्यांच्या मुदतीत, शिकवणी कॅमेऱ्यानंच घेतलेली बरी. शिवाय नव्या लेन्स आता मिररलेससाठीच येतायत.

मेगापिक्सेलचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं, आणि एका ओळीत आलं. मावशीला मोठ्यात मोठा प्रिंट हवा होता तो १२ गुणिले १८ इंचांचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. वीस-एकवीसचा कॅमेरा पुरे.

खरेदी

नोव्हेंबर २०२४ मध्ये निकॉननं झेड५०-टू जाहीर केला आणि आधीच्या झेड५०चे वापरलेले भाव उतरले. २०१९चा कॅमेरा, २०.९ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडर आहे, बॅटरी-कार्डासकट ४५० ग्रॅम, सोबतची १६-५० लेन्स फक्त १३५ ग्रॅम. डिसेंबरात फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थ्यानं माझ्याकडे स्वतःचा विकायला आणला. बिल होतं, डबा होता.

वापरलेला कॅमेरा मी कसा तपासतो ते लिहितो, कारण हे कुणालाही घरी करता येईल. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा. धुळीचे एक-दोन कण असले तर सोडून द्यायचे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, तिथेच थांबायचं. मग लेन्स लावून एफ/१६, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान, ठेवायचं आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा. सेन्सरवरची घाण करड्या ठिपक्यांसारखी उमटते. लेन्स बसते त्या कड्याचे स्क्रू पाहायचे. स्क्रूची खाच चरलेली असेल तर कुणीतरी आत हात घातलाय. कोपरे पाहायचे, पडलेला कॅमेरा कोपऱ्यावर पडतो. शेवटी एक फोटो संगणकावर घेऊन (निकॉनमध्ये हे जमतं) त्याच्या माहितीत शटरचा आकडा, म्हणजे ते आजवर किती वेळा पडलंय, पाहायचा. या कॅमेऱ्याचं शटर ११,४०० वेळा पडलं होतं. त्याच्या आयुष्यात ते काहीच नव्हे.

कॅमेरा-लेन्स ४९,००० ला पडले. ट्रायपॉड ६,५००, जादा बॅटरी ३,५००, एक टीबीची हार्ड डिस्क ४,८००, बॅग १,२००, ६४ जीबीचं कार्ड ९००, हवाबंद डबा आणि सिलिका जेल ४५०. एकूण ६६,३५०. ट्रायपॉडच्या किमतीवर मावशीनं भुवई वर केली होती. पण तिच्या कामात ट्रायपॉड लेन्सइतकाच महत्त्वाचा होता, आणि दोन हजारांचा ट्रायपॉड माडीच्या लाकडी फळ्यांवर माणूस चालला तरी थरथरतो.

देवघरातला पहिला धडा

कॅमेरा हातात आल्यावर पहिलं काम केलं ते व्ह्यूफाइंडरच्या बाजूला असलेल्या बारक्या चाकाचं. ते फिरवलं की खिडकीतलं चित्र आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळतं. मावशीनं चष्मा काढून कपाळावर सरकवला, डोळा लावला, चाक एक-एक दात फिरवत गेली आणि खिडकीतली अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ झाली तशी "अगं बाई!" म्हणाली. कितीतरी लोक हे चाक न फिरवता वर्षभर धुरकट बघतात आणि कॅमेरा माझ्याकडे घेऊन येतात.

मग देवघर. समई लावली, बाकी दिवे बंद. कॅमेरा हातात धरून, हाताच्या थरथरीनं फोटो बिघडणार नाही अशा १/६० सेकंदाला, एफ/३.५ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडून, आयएसओ (सेन्सरची उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी) ६४०० द्यावा लागला. फोटो आला, पण सांडलेल्या रव्यासारखा दाणेदार. तोच ट्रायपॉडवर ठेवला. शटर पाव सेकंद उघडं ठेवलं, म्हणजे सोळा पट जास्त वेळ; म्हणून आयएसओ सोळा पट खाली, ४०० वर आणता आला. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको, आणि लेन्समधली थरथर रोखणारी व्हीआर सोय बंद. अन्नपूर्णेच्या पितळी पळीवरचा पोचा दिसला. मावशी म्हणाली, "म्हणजे उजेड नसला तर वेळ द्यायचा."

एवढं समजलं की छिद्र, शटर आणि आयएसओ या तिघांचं नातं समजलं. तक्ते पाठ करायची गरज उरली नाही.

दर्शनी भागासाठी मात्र दोन रविवार गेले. कॅमेरा मान वर केल्यासारखा तिरका केला की वाड्याच्या उभ्या रेषा वर निमुळत्या होतात, घर मागे कलल्यासारखं दिसतं. उपाय जुनाच: कॅमेरा वर न करता स्वतः वर जायचं. खालचा मजला समोरच्या ओट्यावरून आणि माडी समोरच्या घराच्या माडीच्या खिडकीतून, अशा दोन चौकटी काढल्या, व्ह्यूफाइंडरमधल्या जाळीच्या रेषांना खांब समांतर धरून. समोरच्या घरातल्या आजींनी खिडकीतलं पापडाचं पिंप हलवून जागा करून दिली.

आठ महिन्यांचा हिशेब

माझ्या हातून एक चूक झाली. मी कॅमेरा फक्त रॉवर लावून दिला होता. मावशीच्या जुन्या संगणकात त्या फाइली उघडेनात, आणि तीन आठवडे तिनं मला सांगितलंच नाही, आपल्यालाच जमत नाहीये असं वाटून. नुसती फाइलींची नावं बघत बसायची. कळल्यावर रॉ आणि जेपीजी दोन्ही साठतील असं करून दिलं. एका फोटोला मिळून ३०-३५ एमबी लागतात, पण रोजचं पाहणं जेपीजीत होतं आणि रॉ डिस्कवर सुरक्षित राहतं. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून असंच लावून द्यावं, हे मी आता कायमचं शिकलोय.

रंगांचाही घोळ झाला. देवघरात एका बाजूला पिवळा बल्ब, दुसरीकडून खिडकीचा निळसर उजेड. लाकूड कधी शेंदरी, कधी राखाडी. मावशीनं आजोबांच्या धुतलेल्या पांढऱ्या पंच्याचा हातरुमालाएवढा तुकडा बॅगेत ठेवला. प्रत्येक खोलीत आधी तो समोर धरून पांढरा रंग नेमका कोणता हे कॅमेऱ्याला सांगायचं, मग फोटो. बाजारात यासाठी करडी कार्डं मिळतात. पंच्यानं काम झालं.

जिथे मी तिला कमी जोखलं ते सांगायला हवं. लांब लेन्स लागणार नाही, असं मी ठामपणे म्हटलं होतं. आजोळच्या वाड्यापुरतं ते खरं ठरलं. पण मार्चमध्ये ती उरलेल्या तेरा घरांकडे वळली, आणि त्यातली चार तीन मजली निघाली. तिसऱ्या मजल्याच्या छज्जाखालचं काम ७५ मिमीला पुरत नव्हतं. शिल्लक राहिलेले साडेआठ हजार तेव्हा उपयोगी पडले. त्यात थोडे घालून वापरलेली ५०-२५० लेन्स घेतली. म्हणजे दुकानातल्या मुलानं दाखवलेल्या दोन लेन्समधली दुसरी शेवटी आलीच. फक्त ती तीन महिन्यांनी, कुठल्या घराच्या कुठल्या मजल्यासाठी हे माहीत असताना आली.

एप्रिलमध्ये आम्ही तांबेकर वाडा पाहायला गेलो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. मावशीनं कॅमेरा बराच वेळ बॅगेतून काढलाच नाही. खिडक्या कुठे आहेत, उजेड किती वाजता कुठल्या भिंतीवर येईल, हे वहीत लिहीत होती. मला ते पाहून फार बरं वाटलं.

पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात गेला, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. हवेतला ओलावा बरेच दिवस साठ टक्क्यांच्या वर राहिला की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि एकदा तिनं काचेवरचा लेप खाल्ला की मी साफ केली तरी डाग राहतो. चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवलेले कॅमेरे माझ्याकडे दर सप्टेंबरात येतात. मावशी दर रविवारी घड्याळ पाहते, पंचेचाळीसच्या आसपास असतं.

आत्तापर्यंत आजोळच्या वाड्याचे ६१२ फोटो झालेत आणि बाकीच्या घरांपैकी नऊ पूर्ण आहेत. वाडा मेच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवला. खांब कुणीतरी विकत नेले.

गणपतीच्या आधी मावशीनं दर्शनी भागाच्या दोन्ही चौकटी जोडून १२ गुणिले १८चा प्रिंट काढला आणि समोरच्या आजींना नेऊन दिला, त्यांच्या माडीच्या खिडकीतून काढलेला म्हणून. आजींनी तो खिडकीपाशी उजेडात धरला. समोर आता पत्र्याचं कुंपण आहे. बोट फिरवत त्या माडीच्या डाव्या खिडकीच्या चौकटीवर थांबल्या आणि भिंग मागवलं. तिथे पोपटांची एक जोडी कोरलेली होती. "हा बघ," त्या म्हणाल्या, "याची चोच आमच्या बाळूच्या चेंडूनं तुटली होती."

मावशीनं वाकून पाहिलं. चोच खरंच तुटलेली होती. वहीतल्या त्या घराच्या पानावर तिनं तिथेच बसून ते लिहून घेतलं.